किनाऱ्यावरची कादंबरी, बेटावरचा वाचक

बेटावर घडणारी कादंबरी त्या बेटावर जाऊन वाचावी, ही हौस जगभर आढळते. पुस्तकात वाचलेले तिथे गेल्यावर डोळ्यांसमोर उभे राहील, असा समज तिच्यामागे असतो. हा समज कितपत खरा आहे, हे इथे तपासायचे आहे. त्यासाठी मी मुरूडजवळचा जंजिरा घेतला आहे. कादंबऱ्यांतून मराठी वाचकाच्या मनावर जितका जंजिरा ठसला आहे, तितके दुसरे कोणतेही बेट ठसलेले नाही, आणि प्रवाशाला तिथे आजही होडीतूनच जावे लागते. वाचक मात्र बीड जिल्ह्यातल्या घाटनांदूरचा घेतला आहे. समुद्र रोज पाहणाऱ्याला जे जाणवत नाही ते त्याला अडवते, आणि जिथे वाचक अडतो तिथेच वाचनाची क्रिया नीट पाहता येते.

घाटनांदूर हे अंबाजोगाई तालुक्यात, बालाघाटाच्या पठारावर, परळी ते लातूर रोड या लोहमार्गावर आहे. इथे पाणी खाली असते. ते विहिरीच्या तळाशी किंवा बोअरमध्ये शोधायचे असते, आणि लागले की टिकेल किती, याचा हिशेब सुरू होतो. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तो काळ या भागातल्या माणसाने जवळून पाहिला आहे. अशा वाचकाने ‘चहूकडे पाणीच पाणी’ असे वाचले की त्याच्या मनात आधी समृद्धी येते. बेटाच्या कथेत मात्र त्याच शब्दांचा अर्थ अडथळा असा असतो. हे पाणी पिता येत नाही, त्यावर चालता येत नाही, त्यातून मोट ओढता येत नाही. म्हणजे वाचनाच्या पहिल्याच पायरीवर अर्थ उलटा लागतो, आणि नुसत्या शब्दांनी तो सरळ होत नाही. प्रवासाची पहिली गरज इथे निर्माण होते. दृश्य पाहणे हा तिचा हेतू नंतरचा. आधी त्या पाण्याचा अर्थ दुरुस्त व्हायला हवा.

पठार आणि किनारा यांचे नाते मात्र जुने आहे. अंबाजोगाईची योगेश्वरी ही कोकणातल्या अनेक घराण्यांची कुलदेवता. देवी कोकणातून परळीच्या वैद्यनाथाशी लग्न करायला निघाली, मुहूर्त टळला आणि वऱ्हाड इथेच राहिले, अशी कथा आपल्याकडे घरोघरी सांगतात. इतिहासातला धागा अधिक घट्ट आहे. जंजिऱ्याचे सिद्दी आणि खडकी वसवणारा मलिक अंबर हे एकाच हबशी परंपरेतले, आणि जंजिराही आधी अहमदनगरच्या निजामशाहीच्याच कारभारात होता. मलिक अंबर १६२६ मध्ये वारला, खुलताबादेत त्याची कबर आहे, मराठवाड्याला तो आपला वाटतो. त्याच मुळाची माणसे समुद्रावर गेली की आपल्या कादंबरीत केवळ शत्रू होतात. ही गोष्ट पुढे लागणार आहे.

आता होडीकडे वळू. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या सुटतात. पावसाळ्यात त्या बंद असतात. एरवीही वारा कसा आहे यावर फेरी किती वेळ घेणार ते ठरते. धक्क्यावरून किल्ला अगदी समोर दिसतो, आणि पठारावरच्या माणसाची पहिली फसगत इथे होते. आपण जमिनीवरचे अंतर झाडे, विजेचे खांब, बांध यांच्या आधाराने मोजतो. पाण्यावर अशी एकही खूण नसते. त्यामुळे ‘एवढे जवळ असून घेता कसा आला नाही?’ हा प्रश्न धक्क्यावर उभ्या असलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या मनात येतो. आमच्याजवळचा धारूरचा किल्ला घ्या. आदिलशाही सरदार किश्वरखानाने १६ व्या शतकात बांधलेला तो गड आपण पायांनी वाचतो: चढ कुठे आहे, दरी कुठे आहे, हल्ला कुठून होईल, हे चालता चालता कळते. जंजिऱ्याला ही रीत लागू पडत नाही. पाय तिथे उपयोगाचेच नसतात.

होडी निम्म्याहून पुढे गेली की तट वर चढत जातो. दरवाजा कुठे दिसत नाही. तो बुरुजांच्या आड असल्याने अगदी जवळ गेल्यावरच उलगडतो, आणि मग हत्तींना जखडून धरणाऱ्या श्वापदाचे शिल्प नजरेला येते. होडी पायऱ्यांना लागते तेव्हा ती स्थिर नसते. लाटेबरोबर हातभर वर येते, खाली जाते. नावाडी हात देतो, आणि नेमक्या क्षणी पाऊल दगडावर टाकायचे असते.

हा क्षण माझ्या मते सगळ्या प्रवासातला सर्वांत मोलाचा आहे, आणि तो वाचनाच्याच दृष्टीने. शिवकाळात मोरोपंत पिंगळ्यांच्या मोहिमेत लाय पाटील या कोळी वीराने रात्री तटाला शिड्या लावल्याची हकीकत बखरीत येते. ठरल्याप्रमाणे धारकरी वेळेवर पोचले नाहीत, पहाट होऊ लागली आणि शिड्या काढून परतावे लागले. महाराजांनी त्याला पालखी देऊ केली. दर्यावर्दी माणसाला पालखीचा काय उपयोग, म्हणून पुढे त्याला ‘पालखी’ नावाचे गलबतच बांधून दिले, असेही सांगितले जाते. ‘शिड्या लावल्या’ हे दोन शब्द लिहायला आणि वाचायला किती सोपे आहेत! दिवसा, शांत समुद्रात, नावाड्याचा हात धरून साधी पायरी गाठताना आपला तोल जातो. तिथे रात्री, आवाज न करता, हलत्या होडीत शिडीचा पाय रोवायचा कशात? तिचे वरचे टोक तटाला टेकवून ठेवायचे कसे? कादंबरीतले वाक्य पूर्वी जितके हलके होते तितके आता राहत नाही. गद्यात अंतर आणि श्रम दोन्ही आटतात, हा गद्याचा दोष नाही. त्याशिवाय कथा पुढे सरकणारच नाही. आटलेले पुन्हा मूळ आकारात आणण्याचे काम मात्र पुस्तकाच्या बाहेरच होऊ शकते.

इथपर्यंतचे विवेचन रूढ समजाच्या बाजूचेच वाटेल: प्रवासाने वाचन समृद्ध झाले. पण दरवाजातून आत गेल्यावर वेगळीच अडचण उभी राहते, आणि माझा मुख्य मुद्दा तिथे आहे.

जंजिऱ्याच्या आपल्या गाजलेल्या कादंबऱ्या किनाऱ्यावरून लिहिलेल्या आहेत. शिवाजी सावंतांची ‘छावा’ (१९७९) आणि विश्वास पाटलांची ‘संभाजी’ (२००५) या दोन्हींत जंजिऱ्याची मोहीम येते. १६८२ मध्ये संभाजीराजांनी राजपुरीच्या बाजूने किल्ल्यावर तोफांचा भडिमार केला, आणि मधली खाडी दगडधोंड्यांनी भरून सेतू बांधण्याचा प्रयत्न केला. तेवढ्यात कल्याणच्या बाजूने मोगल सरदार हसनअली खान उतरल्यामुळे त्यांना रायगडाकडे परतावे लागले, मोहीम दादाजी रघुनाथ देशपांड्यांकडे आली आणि होड्यांतून केलेला हल्लाही फसला. ही घटना कादंबरीकाराला खेचून घेते यात नवल नाही. समुद्रावर रस्ता घालण्याची जिद्द, आणि ऐन वेळी पाठीमागून आलेला घाव, यात शोकांतिकेचे सगळे द्रव्य आहे. पण या कथेत वाचकाचा डोळा कुठे उभा असतो? राजांच्या शेजारी, खाडीच्या अलीकडे. किल्ला समोर आहे, त्याचा तट दिसतो, तोफांचा धूर दिसतो. पलीकडची माणसे मुख्यतः त्या तोफांच्या आवाजातूनच भेटतात.

आणि प्रवासी काय करतो? होडीचे भाडे देऊन सरळ आत जातो. ज्या जागी आपला नायक कधीही पोचला नाही त्या जागी तो उभा राहतो. कलालबांगडी तोफेजवळ थांबून तो जंग्यांतून बाहेर पाहतो, तर समोर राजपुरीचा किनारा, मागचे डोंगर, आणि समुद्रात पलीकडे महाराजांनी सिद्दीच्या उरावर उभा केलेला पद्मदुर्ग. नजरेची दिशा पूर्ण उलटली. कादंबरी ज्या ठिकाणी घडली ते ठिकाण आता त्याच्या पाठीमागे, ज्या धक्क्यावरून तो निघाला तिथे, राहिले आहे. ‘तिथे गेल्यावर पुस्तक जिवंत होते’ हे विधान जंजिऱ्याच्या बाबतीत म्हणूनच टिकत नाही. ‘छावा’तला वेढा वाचायची खरी जागा राजपुरीचा किनारा आहे. किल्ल्याच्या आत तीच पाने वाचली तर ती आपल्यावरच रोखलेली वाटतात.

याला एक अपवाद पुढे येईल, कोंडाजी फर्जंदाचा. १६७३ मध्ये मूठभर माणसांनिशी पन्हाळा घेणारा हा वीर फितुरीचे सोंग घेऊन जंजिऱ्यात शिरला, बेत फुटला आणि तिथेच मारला गेला, अशी हकीकत आहे. हा अपवाद माझ्या मुद्द्याला बळकटीच देतो. आत जायचे तर आपले नाव, आपली निष्ठा बाहेर ठेवूनच जावे लागले. किल्ला सिद्दीकडे कसा आला याच्या दंतकथेतही तेच: राम पाटील कोळ्याच्या मेढेकोटात पिरमखान व्यापारी म्हणून शिरला, आणि त्याच्या पिंपांत माणसे होती. उघड्या चेहऱ्याने आत जाणारा पहिला मोठा वर्ग म्हणजे आजचे आपण, प्रवासी. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, त्यानंतरचे. आपल्या वाचनात या बदलाची नोंद घ्यायला हवी, कारण आपण जिथे सहज उभे आहोत तिथे उभे राहण्याच्या इच्छेवरच तर ती सगळी कथा उभी होती.

यावरून बेटावरच्या कथांची विभागणी करण्याचे एक साधन हाती येते: इच्छेची दिशा. वेढ्याच्या कथेत इच्छा आत जाण्याची असते. कैदेच्या कथेत ती बाहेर पडण्याची असते. तिसरी नांदणुकीची कथा, जिथे माणसे राहतात आणि पाणी हा त्यांच्या रोजच्या कामाचा भाग असतो.

कैदेच्या कथेचे मराठीतले ठळक उदाहरण म्हणजे सावरकरांची ‘काळे पाणी’. १९११ ते १९२१ हा काळ ते अंदमानात होते. त्यांचे अनुभवकथन ‘माझी जन्मठेप’ १९२७ चे; कादंबरी त्याहून वेगळ्या हेतूने, रचलेल्या पात्रांना घेऊन लिहिलेली. १९०६ मध्ये पुऱ्या झालेल्या सेल्युलर जेलमध्ये ६९३ कोठड्या होत्या. त्यातल्या एकीत उभे राहिले की कादंबरीशी आपली दिशा जुळते: आपणही आत आहोत आणि खिडकी उंचावर आहे. इथे जागा आणि पान एकमेकांना साथ देतात. फ्रान्समधला मार्सेयजवळचा इफचा किल्ला हाही याच जातीचा. छोटे खडकाळ बेट, राजाने बांधलेला किल्ला, पुढे तुरुंग. अलेक्झांडर द्यूमाने १८४४ ते १८४६ या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘काउंट ऑफ मोंते क्रिस्तो’त एदमों दांतेसला तिथे कोंडले. हा माणूस कल्पित आहे, तरी मार्सेयच्या जुन्या बंदरातून होडीने आलेल्या प्रवाशाला त्याची कोठडी दाखवली जाते. मला यात गैर वाटत नाही. कथेची दिशा आणि प्रवाशाची जागा जुळली की कल्पित कैदीसुद्धा खऱ्या भिंतीत मावतो. जंजिऱ्यात खरा इतिहास असूनही ते घडत नाही, यावरून सत्य की कल्पित हा भेद इथे निर्णायक नाही असे दिसते.

नांदणुकीच्या कथेसाठी जपानकडे जावे लागते. युकिओ मिशिमाची १९५४ ची ‘शिओसाई’ ज्या उताजिमा बेटावर घडते ते इसे आखाताच्या तोंडावरच्या कामिशिमावरून घेतलेले आहे. तोबा बंदरातून तिथे नेहमीची बोट जाते. मासेमारी करणारा तरुण, बुड्या मारणाऱ्या बायका, देऊळ, दीपगृह हे सगळे त्या बेटाचे आहे. अशा कथेला तासाभराची भेट पुरत नाही. शेवटची बोट निघून गेल्यावर जो मागे राहतो त्यालाच तिची लय लागते, कारण रोज परत जाणाऱ्या बोटीकडे पाठ करून कामाला लागणे हाच तिथल्या जगण्याचा गाभा आहे.

याच १९५४ साली विल्यम गोल्डिंगची ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ आली, जी जी. ए. कुलकर्णींनी मराठीत आणली. तिच्या बेटाला नावही नाही. तिथे जाणारी होडी सुटणार नाही, आणि सुटू नये. ते बेट भूगोलातून मुद्दाम तोडलेले आहे. काही वेळा मात्र नाव मागून चिकटवले जाते. अलेक्झांडर सेलकर्क १७०४ ते १७०९ या काळात ज्या बेटावर एकटा राहिला त्याला चिलीने १९६६ मध्ये रॉबिन्सन क्रूसोचे नाव दिले. डीफोच्या १७१९ च्या कादंबरीतले बेट मात्र ओरिनोको नदीच्या मुखाकडचे, दक्षिण अमेरिकेच्या दुसऱ्याच बाजूचे. चिलीच्या त्या बेटावर जाऊन कादंबरी वाचणारा नकाशाच्या नावावर विश्वास ठेवून वाचतो. दगड, झरे, वारा त्या पुस्तकाचे नसतात.

जंजिऱ्याकडे परत येतो, कारण तिथले सर्वांत महत्त्वाचे अजून सांगायचे आहे. सुमारे २२ एकरांच्या त्या किल्ल्यात गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव आहेत. भोवती खारा समुद्र आणि आत पिण्याचे पाणी. घाटनांदूरचा माणूस तोफेपुढे थोडा वेळ थांबतो, तलावाच्या काठी मात्र तो खिळून राहतो, आणि त्याचे हे थांबणे योग्य आहे. वेढा म्हणजे शेवटी साठ्याची परीक्षा असते. दारूगोळा, दाणा आणि पाणी यांतले पहिले दोन समुद्रमार्गे येऊ शकत होते, आणि सिद्दी मोगलांचे आरमारी सरदार झाल्यावर सुरतेकडून येतही होते. रोजच्या पिण्यासाठी मात्र आतल्याच तलावांवर मदार होती. म्हणजे खाडी भरून काढण्याचा तो अचाट प्रयत्न यशाच्या जवळ गेला असता, तरी आतल्यांना तहानेने शरण आणण्याचा मार्ग बंदच होता. खाऱ्या पाण्याने शत्रूला बाहेर ठेवले आणि गोड्या पाण्याने आतल्यांना टिकवले; दुसरे पहिल्याइतकेच निर्णायक आहे. हे ज्ञान कादंबरीतून मिळणे कठीण, कारण कादंबरीचा डोळा बाहेर आहे आणि बाहेरून तलाव दिसत नाहीत. इथे कोरड्या प्रदेशातला वाचक समुद्रकाठच्या वाचकापेक्षा सरस ठरतो. बेटाचा अर्थ त्याला लाटांमधून उशिरा कळला असेल, पण तलावातून तो लगेच कळतो.

मग वाचनाचा क्रम कसा असावा? माझे मत स्पष्ट आहे. वेढ्याची प्रकरणे प्रवासाआधी घरी वाचू नयेत. राजपुरीला पोचल्यावर, होडीत बसण्याआधी, किनाऱ्यावर वाचावीत. प्रश्न तेव्हा ताजा असतो आणि समोर किल्ला असतो. होडीत पुस्तक मिटावे. आत कादंबरी उघडू नये, कारण ती तिथे खोटी पडत नसली तरी परकी होते. परतल्यावर, शक्य तर दुसऱ्या दिवशी, तीच प्रकरणे पुन्हा वाचावीत. त्या दुसऱ्या वाचनात शिड्या जड होतात, खाडी रुंद होते, आणि प्रथमच असे जाणवते की पलीकडे माणसे होती.

त्या माणसांचे काय, हा प्रश्न मला सोडवत नाही. १६७० च्या सुमारास किल्ल्याचा मुख्य फत्तेखान शिवाजी महाराजांशी तह करून जंजिरा द्यायला तयार झाला होता. संबळ, कासीम आणि खैर्यत या तीन सिद्द्यांनी त्यालाच कैद केले आणि मोगलांचा आश्रय घेतला. पुढच्या होळीच्या रात्री सिद्दी कासीम पाणी ओलांडून आला आणि त्याने दंडाराजपुरीच्या कोटावर छापा घातला. कोकणच्या इतिहासाला वळण देणारी ती रात्र आतून ठरली आणि बाहेर घडली. आतल्या मसलतीत कोण काय बोलले, फत्तेखानाला तह का करावासा वाटला, तिघांपैकी कुणाला आधी शंका आली, हा उत्तम कादंबरीचा ऐवज आहे. मराठी वाचकाला मलिक अंबर समजतो, मग हे तिघे का समजू नयेत?

संस्थान विलीन झाल्यानंतरही काही काळ किल्ल्यात वस्ती होती. पुढे कुटुंबे किनाऱ्यावर आली. घरांचे चौथरे, मशीद, सुरूलखानाच्या वाड्याच्या उभ्या भिंती आजही आत आहेत. मुंबई सरकारच्या गॅझेटियरचा कुलाबा आणि जंजिरा यांवरचा १८८३ चा ११ वा खंड या संस्थानाची माणसे, शेती, व्यापार आणि कारभार नोंदवतो. आत जाताना बरोबर न्यायचे पुस्तक माझ्या मते हेच आहे. कथेचा मोह त्यात नाही, पण आतले तपशील आहेत. या बाजूने लिहिली जाणारी मराठी कादंबरी नांदणुकीची असेल. पावसाळ्यात होड्या थांबण्यापूर्वी दाणा किती आत घ्यायचा, तलावाची पातळी उन्हाळ्यात कुठवर उतरू द्यायची, पलीकडे राजपुरीत लग्न ठरले तर वऱ्हाड कोणत्या भरतीला न्यायचे, हे तिचे प्रश्न असतील, आणि तोफा त्यांच्यामधूनच डागल्या जातील.